मधल्या फळीची सुई

३ ऑगस्ट १९९८, सोमवार

खाट आज रूपचंद शेठच्या घरी बसवली. भरभर लिहितो आहे, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतं आहे. शब्द चुकले असतील तर उद्या कोश बघून दुरुस्त करीन.

खाट कशी आहे ते आधी लिहून ठेवतो. मी नववीतून शाळा सोडली आणि जुन्नरला भागू नानांकडे वजनकाटे दुरुस्त करायला राहिलो. धान्याच्या दुकानात मोठा काटा असतो. त्याच्या फळीवर पोतं ठेवलं की खालच्या दांड्या ते वजन आपसात वाटून घेतात. मी तसाच काटा माणसासाठी केला आहे. खाटेला तीन फळ्या आहेत, डोक्याची, मधली आणि पायांची. प्रत्येक फळी खाली एका दांडीवर टेकते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला पारडं, पारड्यात लोखंडी वजनं. तिन्ही दांड्या सळईने एकमेकींना जोडल्या आहेत. माणूस कुशीवर वळला की भार पडेल ती फळी दबते आणि जिथे पोकळी राहिली तिथली फळी हळूच वर येऊन अंगाला टेकते. वर तीन तुकड्यांत शिवलेली कापसाची गादी. प्रत्येक फळीच्या बाजूला एक सुई आणि रेघांची पट्टी आहे, कुठे किती भार आहे ते कळावं म्हणून.

खाट शेठच्या आईसाठी आहे. धापूबाई, वय चौऱ्याहत्तर. घरातले त्यांना बाई म्हणतात, मी आजी म्हणतो. पौषात त्या न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड जुळलं, धरून उभं केलं तर त्या दोन पावलं टाकतात, पण स्वतः उठण्याइतकं बळ पायांत उरलं नाही. पडून पडून पाठ सोलली. मी दुकानातला काटा दुरुस्त करायला गेलो होतो तेव्हा आतून त्यांचं कण्हणं ऐकू आलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की पोत्याचा भार वाटता येतो तर माणसाचा का नाही. शेठ म्हणाले, करून दाखव.

आजींना चौघांनी धरून निजवलं. फळ्या हलल्या, थांबल्या. मधली सुई चाळिसाव्या रेघेवर स्थिर झाली. आजींनी डोळे मिटले. मी पट्टीवर डोळे लावून उभा. मग त्या म्हणाल्या, "पाण्यात उताणं पडल्यासारखं वाटतं. खालून कुणीतरी हात धरलाय."

घरी येताना रस्ता पायाखाली नीट लागत नव्हता.

६ ऑगस्ट

रोज सकाळी आठला जाऊन तिन्ही सुया बघायच्या असं ठरलं. आज डोकं १४, मधली ४०, पाय ११. काल तेच. परवा तेच.

आजींची न्याहरी नेमकी तेव्हाच येते. ऊन ऊन शिरा, खाकरे, दूध. मी पट्टीवर वाकलेला असतो, तेवढ्यात त्या वाटी पुढे सरकवतात. म्हणतात, "सकाळचं मला जात नाही बेटा, तू खा." नको म्हणणं बरं दिसेना. शिऱ्यात वेलदोडा होता.

१३ ऑगस्ट

मधली सुई ३९ वर. तीनदा बघितली. गुडघ्यावर बसून बघितली, उभा राहून बघितली. एकोणचाळीसच.

दुकानात येऊन नानांना सांगितलं. नाना कानसीने दांडीची धार, म्हणजे दांडी जिच्यावर डोलते ती कड, घासत होते. वर न बघता म्हणाले, "पयल्या दिशी तुला काय शिकिवलं? तंटा झाला की काटा खोटा धरायचा. माल कंदी खोटा नसतो."

बरोबर आहे. बाजारात गिऱ्हाईक आणि दुकानदार भांडायला लागले की आम्ही काट्याकडे बघतो, धान्याकडे नाही. दांडीच्या धारेवर गंज असेल. पावसाळी हवेत सळई ओढली जात असेल. दुपारी जाऊन धारा पुसल्या, तेल दिलं. सुई हलली नाही. मग पारड्यातून पाव किलो काढलं. फळी खाली बसली, सुई चाळिसावर आली.

काढलेलं वजन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. डब्यावर तारीख लिहिली.

२१ ऑगस्ट

शेठच्या घरी पर्युषण चालू आहे. धाकटी नात खुशबू आठ दिवसांचा उपास करते आहे, नुसत्या पाण्यावर. घरात आवाज कमी झाला आहे. सगळे पाय न वाजवता चालतात. उन्हाची तिरीप खिडकीतून येते आणि आजींच्या पांढऱ्या लुगड्यावर थांबून राहते. त्या खोलीत गेलं की वेळ जरा उशिराने पुढे सरकतो.

मी आजींना विचारलं, तुमचा उपास? त्या हसल्या. म्हणाल्या, डॉक्टरांनी मनाई केली आहे, रूपचंदने तर हात जोडून सांगितलं आहे. मग मला दूध प्यायला लावलं. घरातली नात उपाशी आणि मी मिशी पांढरी करून बसलेलो. फार ओशाळलो.

मधली सुई ३८. अर्धा किलो काढलं.

३० ऑगस्ट

दुपारी खाटेखाली शिरून सळ्या घासता घासता डोळा लागला, तेव्हा स्वप्न पडलं. सगळं जुन्नर फळ्यांवर मांडलं होतं. शिवनेरी एका फळीवर, पेठ दुसरीवर, कुकडी नदी तिसरीवर. सदाबाजारात एक गाय बसली आणि पलीकडची आळी माणसांसकट हळूच वर आली. कुणी घाबरलं नाही. बायका वरच्या वर धुणी वाळत घालत होत्या. मी पारड्यांपाशी उभा होतो आणि सगळे माझ्याकडे बघत होते, की आता काय काढणार.

जागा झालो तर आजी वरून वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "झोप. खाट तुझीच आहे."

सुई परत ३८. पुन्हा अर्धा किलो काढलं.

६ सप्टेंबर

लेण्याद्रीला गेलो. गणपतीसाठी नाही, खरं सांगायचं तर दगडाच्या बाकांसाठी. मोठ्या लेण्यात कडेने लहान लहान खोल्या आहेत, आणि त्यांत साधूंना निजायला कोरलेले दगडी ओटे. गादी नाही, फळी नाही, काही नाही. माणसं तिथे आयुष्यभर कशी निजली असतील ते बघायचं होतं.

एका खोलीत कुणी नव्हतं. आत जाऊन उताणा पडलो. दगड आधी बोचला, मग गार लागला, मग काहीच लागेना. बाहेर पायऱ्या चढणाऱ्यांचे आवाज, घंटा, माकडांची पळापळ. हळूहळू ते सगळं लांब गेलं. मला वाटलं, दगड वर येत नाही, तेव्हा निजणाराच कमी होत जात असेल. हाडं हलकी, मांस हलकं, शेवटी ओट्यावर नुसता श्वास पडलेला. भीती वाटली नाही. छान वाटलं, आणि छान वाटलं म्हणून नंतर भीती वाटली.

उतरताना पायऱ्या मोजल्या. दोनदा मोजल्या, दोन वेगळे आकडे आले.

१५ सप्टेंबर

आज चांगली गोष्ट घडली. शेठच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे भाभी म्हणतो, त्याच आजींना उचलून खुर्चीवर, न्हाणीत, परत खाटेवर ठेवतात. दिवसातून पाच-सहा वेळा. पहिला दिवस सोडला तर दुसऱ्या कुणाचा हात आजींना चालत नाही. भाभी आज आपणहून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या खाटेची कमाल आहे. बाईंना उचलताना पूर्वी डोळ्यांपुढे अंधारी यायची. आता जड वाटत नाहीत."

खाटेची उंची मी चार बोटं वाढवली होती, त्याचा हा गुण असणार. वहीत नोंद केली.

मधली सुई मात्र ऐकत नाही. पाव किलो काढलं.

२४ सप्टेंबर

लोणीला घरी जाऊन आलो. आई म्हणाली, "शेठच्या घरचं लई मानवलंय तुला. गाल बघ." शेजारच्या साळुबाई म्हणाल्या, की शेठ जावई करून घेणार दिसतोय. सगळ्या हसल्या. मला ते बोलणं आवडलं नाही. पण पट्ट्याला पुढचं भोक पाडावं लागलं हे खरं आहे.

ज्या खाटेची सुई दर आठ दिवसांनी घसरते, तिच्या जिवावर मी गाल वर काढतो. चोरी केल्यासारखं वाटतं.

१ ऑक्टोबर

शेठनी मला गादीवर शेजारी बसवून चहा पाजला. दिवाळीनंतर नारायणगावचे एक डॉक्टर खाट बघायला येणार आहेत. त्यांच्याकडे असे पडून असलेले रोगी खूप. त्यांना पसंत पडली तर दहा खाटा करायच्या, आणि मी पेठेत स्वतःचं दुकान मांडायचं, जागा शेठ देणार. शेठ बोलत होते आणि मला दुकानावरची पाटी दिसत होती. अक्षरं निळी. 'हौशीराम' मधला ह मोठा.

मग आठवलं की सुई आज ३८ वर होती. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, ही वजनं का कमी करावी लागतात? मला उत्तर माहीत नाही.

६ ऑक्टोबर

आज उत्तर मिळालं. आधी झालं ते क्रमाने लिहितो.

नानांच्या दुकानात सरकारी शिक्क्याची वजनं असतात, काटा खरा की खोटा ते बघायची. ती मागून घेतली आणि हातगाडीवर घालून नेली. भाभींनी आजींना खुर्चीवर बसवलं. मी पारड्यात ३ ऑगस्टला होती तेवढी सगळी वजनं परत घातली. मग मधल्या फळीवर शिक्क्याची वजनं मांडली, पहिल्या दिवशी मी हिशोब लिहून ठेवला होता तेवढीच.

सुई चाळिसावर आली. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

वजनं उतरवली, परत मांडली. चाळीस. धारा पुसून मांडली. चाळीस. खाट खरी आहे. पहिल्या दिवसापासून खरी आहे.

बिस्किटांचा डबा उघडून काढलेली वजनं एकत्र केली. दोन किलो भरली. दांडीचं प्रमाण एकास चार. म्हणजे फळीवरून आठ किलो कमी झाले.

मी मान वर केली. आजी खुर्चीवरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बांगड्या मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकल्या होत्या. हे मी रोज बघत होतो. रोज आठ वाजता, दोन महिने.

आणि रोज शिरा मी खात होतो.

७ ऑक्टोबर

वाटी पुढे आली. मी हात मागे घेतला. म्हणालो, आजी, तुम्ही जेवत नाही.

त्या म्हणाल्या, "जेवते की. भुकेपेक्षा दोन घास कमी. आमच्यात त्याला ऊणोदरी म्हणतात. ते पण तपच आहे."

"दोन घासांनी आठ किलो जात नाहीत."

 मग त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी नाही हे पाहून हळू आवाजात बोलल्या. "सुनेची कंबर बघितलीस? पट्टा बांधते, साडीच्या आतून. मला दिसू नये म्हणून. सहा वेळा उचलते मला दिवसातून. उचलू नकोस असं मी म्हणू शकत नाही, मला तर जायचंच असतं न्हाणीत. हलकं होणं तेवढं माझ्या हातात आहे."

मी विचारलं, मग माझ्या पोटात का घातलंत?

"ताट भरलेलं परत गेलं तर घरात कळतं. टाकलं तर पाप. तू सकाळी उपाशी यायचास." वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "आता तू रूपचंदला सांगणार."

 त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, दिवाळी होऊ दे. त्यांचा हात कबुतरासारखा होता, ऊन आणि आत काहीच नसलेला.

१० ऑक्टोबर

सांगितलं नाही. तीन दिवस दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो. शेठ आतून म्हणाले, या हौशीराम, आणि मी म्हणालो, सहज आलो होतो.

सांगितलं तर घरातले त्यांना बळेच भरवतील, भाभी रडतील, आणि भाभींनी रडू नये म्हणूनच तर हे सगळं चाललं आहे. नाही सांगितलं तर सुई खाली जात राहील. खाटेने दोन महिने ओरडून सांगितलं होतं आणि मी तिचं तोंड दाबत होतो. मी वजनं काढली नसती तर ऑगस्टमध्येच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

लक्ष्मीपूजनापर्यंतची मुदत मी स्वतःला दिली आहे. त्यानंतर सांगायचं. इथे लिहिलं म्हणजे आता बदलता येणार नाही.

१२ ऑक्टोबर

नानांना नाव न घेता विचारलं, की काटा खरा निघाला आणि मालच फसवत असेल तर काय करायचं?

नानांनी खिशातली विडी चाचपली. मग म्हणाले, "मालाच्या मनात काय नसतं रं. मालकाच्या मनात काय हाय ते इचार. त्याला घट पायजे का वाढ पायजे, ते कळलं की संपलं."

आजींना काय पाहिजे? वही पहिल्या पानापासून वाचली. निजणं, कूस, पाठ, पोकळी, गादी. दोन महिन्यांच्या माझ्या नोंदींत सगळं निजण्याबद्दल आहे. उठणं हा शब्द एकदाच आला आहे, पहिल्या दिवशी, त्यांच्या पायांत त्याचं बळ उरलं नाही म्हणून.

त्यांना मऊ नको आहे. त्यांना कुणी उचलायला नको आहे.

२० ऑक्टोबर, मंगळवार

काल लक्ष्मीपूजन झालं. सांगितलं नाही, कारण काम अर्ध्यावर आहे. स्वतःला दिलेली मुदत मोडली. हे लिहायला लाज वाटते.

आठ दिवस खाट नानांच्या दुकानात उघडून ठेवली आहे. आजी तोवर जुन्या पलंगावर. नाना फटाक्यांच्या आवाजाला शिव्या देत मदत करतात. पायांची फळी आता खाली दुमडते. डोक्याची पाठीमागून उभी राहते. मधल्या फळीला पुढच्या कडेला बिजागऱ्या घातल्या, म्हणजे ती मागून उचलली जाईल आणि माणूस पुढे झुकून पायांवर येईल. उचलायचं काम पारड्याचं. खिटी ओढली की पारडं खाली जातं आणि फळी वर. हातांनी धरायला दोन्ही बाजूंना कठडे.

पोती ठेवून चौतीस वेळा करून बघितलं. पस्तिसाव्यांदा मी स्वतः निजलो आणि खिटी ओढली. अंगाखालची जमीन हळूहळू उभी राहिली, पहाट झाल्यासारखी. मी उभा होतो आणि मला कुणी हात लावला नव्हता. नाना म्हणाले, "आता रडतो का काय येड्या."

२४ ऑक्टोबर

खाट परत बसवली. ती कशी वापरायची ते आजी ऐकत होत्या. मी खिटी दाखवली, कठडे दाखवले, पारडं दाखवलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा वजनाच्या बाबतीत खोटं बोललो. म्हणालो, ही दांडी तीन ऑगस्टच्या वजनाला बांधली आहे. तेवढा भार असेल तर सावकाश उठवते. त्याहून हलक्या माणसाला पुढे फेकून देईल. भार भरल्याशिवाय खिटी ओढायची नाही.

आजींनी पारड्यात डोकावून पाहिलं. "यातलं ते खालचं दोन किलोचं काढलं तर?"

मी म्हणालो, काढता येत नाही, सगळा तोल बिघडतो.

त्यांनी पारड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पारड्याकडे पाहिलं. तोंडाला पदर लावला. खोकल्या बहुतेक. मग अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "तू म्हणतोस तर खरंच असेल. मला बाईमाणसाला काट्यातलं काय कळतं."

बरं झालं, त्यांना पटलं. पन्नास वर्षं नवऱ्याच्या धान्याच्या दुकानात बसल्या म्हणे, पण काट्याचं आतलं काम वेगळं असतं.

३ नोव्हेंबर

मधली सुई ३३, पारड्यात पहिल्या दिवशीची सगळी वजनं असताना. वरून खाली नाही, खालून वर. परवा ३२½ होती.

आजी न्याहरी करतात आणि मी पट्टी बघतो. डॉक्टरांचा निरोप आला, ते पुढच्या महिन्यात येणार. मला आता त्याची घाई वाटत नाही, हे विचित्र आहे.

१ डिसेंबर

सुई ३८ वर. मी म्हणालो, आणखी दोन रेघा. आजी म्हणाल्या, दोन रेघांनी कुणी मरत नाही, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी खिटी ओढली.

भाभी दारातून धावत आल्या, दोन्ही हात पुढे करून. पायांची फळी दुमडली, पाठ उभी राहिली, मधली फळी मागून वर आली. किती वेळ लागला सांगता येणार नाही. पाण्यातून वर येणाऱ्या माणसासारख्या आजी वर आल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदरसुद्धा ढळला नाही. भाभींचे हात तसेच पुढे, त्यांत काही नाही. भाभींनी ते आधी खाली घेतले, मग तोंडावर नेले.

आजी एक पाऊल चालल्या. दुसरं. खिडकीपाशी थांबल्या. म्हणाल्या, किल्ल्यावरचं गवत पिवळं झालं की.

शेठ दुकानातून आले, हातात मापटं तसंच. 

९ डिसेंबर

सुई ४०. बघून झाल्यावर मी सवयीने जरा रेंगाळलो. आजी खुर्चीवर बसून शिरा खात होत्या, स्वतः चालत जाऊन बसलेल्या. वाटी पुसून खाल्ली. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा म्हणाल्या, "तू उद्यापासून घरून खाऊन ये रे. मला पुरत नाही."

उपाशीच परत आलो. पट्टा एक भोक मागे घेतला.